गाडी सजवा, पण उतरवायचं कसं ते आधी ठरवा

प्रश्न : आमच्याकडे २०२१ची पांढरी स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. दसरा तोंडावर आलाय आणि डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न कोल्हापुरात आहे. आमचीच गाडी नवरदेवाची म्हणून सांगलीहून जाणार आणि नवरीला घेऊन परत येणार. त्याआधी रोजच्या वापरासाठीही ती जरा नटवावी असं मनात आहे. एका दुकानदाराने बावीस हजारांचं पॅकेज सांगितलंय : आर्ट लेदरची सीट कव्हर्स, सेव्हन-डी मॅट, काळी फिल्म, एलईडी हेडलाइट, क्रोम किट, पुढचा गार्ड, स्टिअरिंग कव्हर आणि आत अँबियंट लाइट. माझं बजेट पंधरा हजार आहे. यातलं काय घेऊ? शिवाय बाबा दर दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. गेल्या वर्षीचा गुलाबी डाग अजून गेलेला नाही, आणि त्यांना नको म्हणवत नाही. लग्नाच्या गाडीसाठी फुलवाला सहा हजार मागतोय. आम्ही भावंडांनीच सजवली तर जमेल का? १५ ऑगस्टला आणि शिवजयंतीला झेंडा लावायचा असतो, तोही कसा लावावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

नमस्कार. पॅकेजमधल्या प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारा : ही उद्या काढायची झाली तर खाली काय उरेल? डिंक उरेल, ओरखडा उरेल, कापलेली वायर उरेल की काहीच नाही? या एका प्रश्नाने तुमची अर्धी यादी गळून पडते. उरलेली पंधरा हजारांत आरामात बसते.

आधी गळणाऱ्या वस्तू. काळी फिल्म नकोच. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० सांगतो, की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२च्या निकालात काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच बंदी केली. पुढे नियमात दुरुस्ती झाली आणि मर्यादेत बसणारी फिल्म चालते असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४मध्ये म्हटलं. म्हणून दुकानदार 'आता चालतं' म्हणतात. पण त्यांच्या हातातली काळी फिल्म ५० टक्क्यांच्या जवळपासही नसते. चौकात अडवलं तर पोलीस ती तिथेच फाडायला लावतात, आणि घाईत फाडलेल्या फिल्मचा डिंक काचेवर महिनोन् महिने राहतो. उन्हाचा त्रास असेल तर गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून चंदेरी सनशेड लावा. निघताना घडी करून सीटमागे टाकायची.

पुढचा गार्डही नको. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. बंपर आणि त्यामागचा पत्रा ठरवून चुरगळण्यासाठीच केलेला असतो, त्यात धडकेचा जोर जिरतो. गार्ड थेट चॅसीला बोल्ट केलेला असतो, त्यामुळे तोच धक्का न जिरता आत जातो. एअरबॅग कधी उघडायची याचा अंदाजही बिघडू शकतो. समोर सापडलेल्या पादचाऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

एलईडी हेडलाइटबाबत दुकानदाराशी वाद होईल, कारण भिंतीवर मारून दाखवला की तो खरंच झगझगीत दिसतो. हॅलोजनच्या दिव्यात मागचा आरसा बल्बच्या फिलामेंटची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप नेमकी त्या जागी आणि त्या आकाराची नसते. त्यामुळे प्रकाश रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि पावसात तुम्हालाही कमीच दिसतं. उजेड कमी वाटत असेल तर दिव्याची काच पिवळी पडली आहे का ते बघा आणि पॉलिश करून घ्या. बल्ब बदलायचा तर आहे त्याच वॅटचा, चांगल्या कंपनीचा घ्या. साध्या एच-फोर बल्बवर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं. १००/९० वॅटचा टाकून मूळ वायरिंग तसंच ठेवलं की आधी होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो.

क्रोम किट बेकायदा नाही, पण आमचं मत विरोधात आहे. हँडल, आरसे, दिव्यांच्या कडा या सगळ्यांवर ते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसतं. पट्टी आणि रंग यांच्यामध्ये बारीक फट राहते. तिथे पावसाचं पाणी आणि धूळ साठते, आणि गाडी हलेल तशी ती धूळ रंगावर घासत राहते. दोन पावसाळ्यांनी पट्टी काढली की खाली तिच्या आकाराचा मळकट चट्टा दिसतो, आणि पांढऱ्या गाडीवर तो लपत नाही.

आता घ्यायच्या वस्तू. सीट कव्हरवर पैसे घाला, कारण रोज अंगाला लागणारी तीच गोष्ट आहे. सांगलीचा एप्रिल-मे बघता पूर्ण आर्ट लेदर पाठीला चिकटतं. मधल्या पट्ट्यात कापड किंवा छिद्रांचं लेदर आणि कडांना साधं आर्ट लेदर असं मिश्र कव्हर घ्या. गडद राखाडी किंवा टॅन रंग पांढऱ्या गाडीला शोभतो. लाल-काळी जोडी दुकानात उठून दिसते, पण वर्षभरात डोळ्याला टोचायला लागते. 'सगळ्या गाड्यांना बसतं' असं कव्हर घेऊ नका. स्विफ्टच्या मापाचंच घ्या. तुमच्या गाडीत एअरबॅग स्टिअरिंगमध्ये आणि डाव्या डॅशबोर्डमध्ये आहेत, सीटच्या कुशीत नाहीत, त्यामुळे त्या बाजूची काळजी नाही. पण ज्यांच्या गाडीच्या सीटवर बाहेरच्या कुशीला एअरबॅगचं लेबल आहे, त्यांनी त्या जागी खास फाटणारी शिवण असलेलंच कव्हर घ्यावं. साध्या कव्हरमागे ती एअरबॅग वेळेवर उघडत नाही.

कव्हर बसवताना दुकानातच थांबा. मागच्या सीटबेल्टची बकलं कव्हरखाली गाडली जातात. तीन बकलं आणि लहान मुलांच्या सीटचे हुक वर दिसतात ना, ते मोजून घ्या. सीट मागे-पुढे करायचा दांडा आणि पाठ कलवायचा खटका चालवून बघा. पुढच्या सीटखालच्या वायरींना कव्हरचे हुक अडकवू देऊ नका. हुक स्प्रिंगलाच लागले पाहिजेत. नाहीतर सीट सरकवताना वायर ओढली जाते आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. पहिल्या आठवड्यात कव्हर थोडं सैल पडतंच. एकदा परत जाऊन ताणून घ्या, दुकानदार त्याचे पैसे घेत नाहीत.

सेव्हन-डी मॅट दिसायला भारी, पण ते एकदा गालिच्यावर बसवलं की सहसा उचलत नाही. पावसाळ्यात चपलांचं पाणी शिवणीतून खाली झिरपतं, गालिचा ओला राहतो आणि ऑक्टोबरपर्यंत गाडीला कुबट वास येतो. त्याऐवजी कडा उंच असलेले रबरी ट्रे मॅट घ्या. बाहेर काढले, नळाखाली धरले, झालं. ड्रायव्हरच्या बाजूला कंपनीचा हुक असेल त्यातच मॅट अडकवा, आणि जुन्या मॅटवर नवा कधीही टाकू नका. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच शेवटपर्यंत दाबा आणि अचानक सोडा. मॅटची कड कुठे अडकतेय असं वाटलं तर तो मॅट परत.

स्टिअरिंग कव्हर घेताना एक गोष्ट बघा. तुमच्या स्विफ्टचं स्टिअरिंग खालून सपाट आहे. बाजारातलं गोल कव्हर त्यावर चढतं, पण खालच्या सपाट भागात ढिलं राहतं आणि वळण घेताना हाताखाली फिरतं. घ्यायचंच तर सुई-दोऱ्याने जागेवर शिवायचं घ्या. तेही नको असेल तर काही बिघडत नाही.

अँबियंट लाइट हवा असेल तर यूएसबीवर चालणारी पाच मीटरची पातळ पट्टी पुरते. डॅशबोर्डच्या सांध्यात ती प्लॅस्टिकच्या कार्डाने दाबून बसवायची आणि बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये चार्जर लावून जोडायची. दुकानदार वायर कापून ती थेट म्युझिक सिस्टीमच्या वायरवर चढवतो. ते करू देऊ नका. वॉरंटीचा वाद, बॅटरी उतरणं आणि क्वचित जळणं, सगळं त्या चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडातून सुरू होतं. रात्री हा उजेड पुढच्या काचेत दिसत असेल तर तो मंद करा.

डॅशबोर्डवर गणपती ठेवणारच, तर जागा निवडून ठेवा. डावीकडे डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरं कोरलेली आहेत. त्या झाकणावर मूर्ती, परफ्यूमची बाटली, फोनचा स्टँड यातलं काहीच नको. एअरबॅग उघडते त्या क्षणी वरची वस्तू गोळीसारखी मागे येते. मूर्ती मध्यभागी, अडीच-तीन इंचांपेक्षा उंच नाही आणि वजनाला हलकी असावी. संगमरवरी किंवा पितळी मूर्ती घरच्या देव्हाऱ्यात शोभते, गाडीत नाही. चिकटवण्याआधी जागा ओल्या फडक्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डॅशबोर्डला चकाकी आणायचा स्प्रे मारलेला असेल तर त्यावर काहीही चिकटत नाही, आणि मूर्ती पडते ती बहुतेक वेळा त्यामुळेच. जाड फोमची व्हीएचबी टेप वापरा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पूर्ण पकड यायला बहात्तर तास लागतात, तेवढे दिवस कच्च्या रस्त्यावर नेऊ नका. आरशाला लटकवलेल्या माळा, छोटे बूट, आरसीबीचे झेंडे हे सगळं उतरवा. डोळ्यासमोर हलणारी वस्तू डाव्या बाजूने येणारी सायकल बरोबर त्या क्षणी झाकते.

मागच्या काचेवर राजमुद्रा किंवा महाराजांचं चित्र लावायची आपल्याकडे पद्धत आहे. लावा, पण सहा इंचांचं, खालच्या कोपऱ्यात. पूर्ण काचभर लावलेल्या चित्रातून मागचं दिसत नाही, आणि पावसाळ्यात त्यावर चिखल बसतो तो वेगळाच. नंबरप्लेटवर मात्र काहीच नको. ४१४१चं 'दादा' करण्याचे दिवस गेले. तुमच्या गाडीला शोरूममधूनच लॉक असलेली प्लेट आली आहे, तिच्यावर अक्षर बदलणं, रंगवणं, स्टिकर लावणं सगळं दंडाचं काम.

एवढं करून दोन-तीन हजार उरले तर ते गाडी धुऊन वॅक्स करण्यावर घाला. डिंक आणि डांबराचे ठिपके काढून, काळं प्लॅस्टिक पुन्हा काळं करून घेतलेली स्वच्छ पांढरी गाडी कोणत्याही क्रोम किटपेक्षा देखणी दिसते. शिवाय वॅक्सचा थर पुढे दसऱ्याला आणि लग्नाला कामी येणार आहे. अलॉय व्हीलचा विचार पुढच्या वर्षी करा. तेव्हा दुकानदाराला एवढंच सांगा : तुमच्या गाडीच्या १६५/८० आर१४ टायरऐवजी १८५/६५ आर१५ चालतात, दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा आहे. यापेक्षा मोठं काही तो सुचवत असेल तर ऐकू नका.

आता दसरा. बाबांना नको म्हणायची गरज नाही, जागा बदलली की पुरे. बाजारातल्या बऱ्याचशा कुंकवात कृत्रिम रंग असतो. तेल किंवा पाणी लावून बॉनेटवर काढलं आणि गाडी उन्हात राहिली, की तो रंगावरच्या पारदर्शक थरात मुरतो. पांढऱ्या गाडीवर तोच गुलाबी डाग. हळदीचं उलट आहे. तिचा पिवळा डाग उन्हानेच हळूहळू फिका पडतो. म्हणून पूजेच्या एक-दोन दिवस आधी बॉनेटला वॅक्स लावा आणि स्वस्तिक पुढच्या काचेवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात काढा. काचेत रंग मुरत नाही, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून निघतो. बॉनेटवरच हवं असा बाबांचा आग्रह असेल तर तिथे विड्याचं पान ठेवा आणि हळद-कुंकू, अक्षता त्यावर वाहा. पूजा झाली की पान उचला. गेल्या वर्षीच्या डागावर आधी कार शॅम्पू वापरा. नाही गेला तर अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसा. तरीही राहिला तर पॉलिशवाल्याकडून तेवढाच भाग बारीक कंपाउंडने काढून घ्या. टूथपेस्ट घासू नका, डाग जाईल पण चकाकीही जाईल.

झेंडूचा हार ग्रीलला बांधताना साडेचार-पाच फुटांचा पुरतो. मधला झोल नंबरप्लेटच्या वरच थांबला पाहिजे. तुमच्या गाडीची ग्रील जाळीची आहे, तिच्यातून सुतळी ओवून दोन्ही टोकं बांधा. तार नको, तार बंपर खरवडते. मध्यम झेंडू घेतला तर किलोत साधारण शंभर-सव्वाशे फुलं येतात आणि सलग ओवल्यावर फुटाला आठ-नऊ लागतात. म्हणजे हार, आरशांचे दोन छोटे गजरे आणि घरच्या तोरणाला दीड किलो पुष्कळ झाला. घरासमोर हार दिवसभर राहू द्या, पण सीमोल्लंघनाच्या निमित्ताने लांब जाणार असाल तर काढून निघा. ग्रील झाकली की रेडिएटरला हवा कमी मिळते, आणि सुटलेल्या पाकळ्या एसीच्या कंडेन्सरवर जाऊन चिकटतात. पेटती उदबत्ती ग्रीलच्या जाळीत खोचायची सवय अनेकांना असते. तिने प्लॅस्टिकला काळं भोक पडतं. निरांजनही बॉनेटवर किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका, ताट हातात धरूनच ओवाळा. नारळ बाजूला दगडावर फोडा. चाकाखाली लिंबं ठेवायची ती ठेवा, फक्त गाडी पुढे घेताना पोरं समोर नाहीत ना ते बघा. अक्षता वायपरखालच्या जाळीत पडू देऊ नका. तिथून केबिनमध्ये हवा जाते, दाणे आत अडकून ओले झाले की वास येतो.

झेंड्याबद्दल थोडक्यात. राष्ट्रध्वज मोटारीवर फडकवण्याचा मान ध्वज संहितेने ठराविक पदाधिकाऱ्यांनाच दिला आहे, आणि बॉनेटवर, टपावर, बाजूंना किंवा मागे तो पांघरणं तर कोणालाच चालत नाही. १५ ऑगस्टला तिरंगी रंगांची रिबीन किंवा फुलं लावा, तेवढंच पुरे. शिवजयंतीचा भगवा मिरवणुकीच्या वेगापुरता लावा. हायवेवर काठी मोडते किंवा झेंडा सुटून मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जातो.

लग्नाच्या गाडीचं म्हणाल तर भावंडांनी करायला हरकत नाही. सहा हजारांत फुलवाला काय देतो यापेक्षा तो कसं लावतो हे महत्त्वाचं आहे. बहुतेक जण सेलोटेप थेट रंगावर मारतात, आणि टेपचं काम उन्हात बिघडतं. डिंक मऊ होऊन रंगावर पसरतो, आणि एखादा पॅनल अपघातानंतर बाहेर रंगवून घेतलेला असेल तर टेपबरोबर रंगाचा पापुद्राच निघतो. दुसरी पद्धत म्हणजे व्हॅक्यूमचे कप लावलेली ट्रे आणि त्यात फुलं खोचायचा भिजवलेला फोम. फोमची एक वीट भिजली की दोन किलोच्या आसपास जाते. इंजिनाने बॉनेट तापलं की कपातली हवा फुगते आणि ट्रे सुटते. कार्यालयाच्या दारात उभ्या गाडीवर हे चालतं, सांगली ते कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर नाही.

तुम्ही रिबिनीवर काम करा. दोन इंच रुंद साटीन रिबीन घ्या, कडेला तार नसलेली, बारा फूट. गाडी आधी धुऊन कोरडी करा, कारण रिबिनीखाली धूळ राहिली तर वाऱ्यात फडफडून तीच रंग घासते. बॉनेट उघडा. रिबिनीची दोन्ही टोकं काचेच्या दोन कोपऱ्यांकडे न्या. टोकं बॉनेट आणि मडगार्डच्या फटीतून आत घालून बिजागरीला घट्ट बांधा, आणि उरलेला भाग कापून टाका. लोंबता तुकडा इंजिनाच्या बाजूला जाऊ देऊ नका. बॉनेट बंद करा, प्रत्येक पट्टीला एकच पीळ द्या आणि रिबिनीचा मध्य इंग्रजी व्हीसारखा पुढे ओढून ग्रीलच्या जाळीला बांधा. सपाट पट्टी साठच्या वेगाला भुंग्यासारखी वाजते, पीळ दिलेली वाजत नाही.

फुलांचा रंग ठरवताना पांढरी गाडी लक्षात ठेवा. पांढरी शेवंती आणि पांढरे गुलाब तिच्यावर दिसतच नाहीत, फोटोत तर अजिबात नाही. लाल, गडद गुलाबी, जांभळा, केशरी घ्या. बॉनेटच्या गुच्छाला वीस लाल गुलाब, बारा जरबेरा, वासासाठी निशिगंधाच्या पाच काड्या आणि हिरवा पाला. पुढच्या दोन दारांच्या हँडलला प्रत्येकी पाच गुलाबांचे छोटे गुच्छ, मागे डिकीला दहा-बारा फुलांचा एक. ग्रीलसाठी आणि मागे सोडायला झेंडूच्या माळा, दोन किलोंच्या. फुलं आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे आणा आणि देठ तिरके कापून गुलाब बादलीभर पाण्यात ठेवा. जरबेराला दोन-तीन इंचच पाणी पुरे, जास्त पाण्यात त्याचा देठ सडतो. त्याची मान वाकते ती वेगळी अडचण. देठाबरोबर एक पातळ काडी ठेवून हिरव्या टेपने गुंडाळली की ती ताठ राहते.

गुच्छ बांधताना देठांची टोकं ओल्या कापसात गुंडाळा, वर प्लॅस्टिक, आणि गुच्छाखाली जाड फेल्टचा तुकडा ठेवा, म्हणजे तार किंवा काडी रंगाला लागत नाही. मग तो व्हीच्या टोकाशी, ग्रीलजवळ, रिबिनीलाच बांधा. वजन किलोच्या आत असू द्या. उंचीची कसोटी म्हणजे गाडी चालवणाऱ्याने सीटवर बसून बघायचं : बॉनेटची पुढची कड फुलांनी झाकली तरी चालेल, रस्ता झाकता कामा नये. हेडलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट, आरसे, वायपरची फिरती जागा आणि पाणी उडवणारी भोकं मोकळी ठेवा.

तुमच्या स्विफ्टची एक खास गोष्ट आहे. मागच्या दारांची हँडल दारावर नसून काचेच्या मागे, वरच्या काळ्या कोपऱ्यात आहेत. फुलवाले तिथे हमखास गुच्छ अडकवतात, आणि मग शालू सावरत उभ्या असलेल्या नवरीला दार उघडायला कोणी नसतं, कारण हँडल कुठे आहे तेच करवलीला सापडत नाही. तिथे काही लावू नका. दाराच्या कडेचं चाइल्ड लॉकही आदल्या दिवशी तपासा. घरात लहान मूल असेल तर ते लावलेलं असतं, आणि नवरा-नवरी आतून दार ढकलत बसतात.

प्रवासाचं वेळापत्रक असं ठेवा. सांगलीहून निघताना फक्त रिबीन आणि हँडलचे छोटे गुच्छ. मोठा गुच्छ आणि माळा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या गाडीतून न्या. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले असं करत कोल्हापुरात पोहोचल्यावर बॉनेट गार व्हायला अर्धा तास द्या, मग मोठा गुच्छ बांधा. दोघांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. परतीला तो पुन्हा सोडवा आणि गावात शिरताना, वरातीच्या आधी, परत लावा. वरात मुंगीच्या पावलाने चालते आणि ग्रीलवर माळा असतात, म्हणून एसी जपून वापरा आणि तापमानाच्या लाल दिव्यावर लक्ष ठेवा. तो लागलाच तर माळा उचला आणि गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनाच्या कूलंटचं झाकण मात्र उघडू नका.

नावांचा फलक थर्माकोलचा नको. राज्यात २०१८पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, शिवाय त्याचे दाणे गाडीभर होतात. जाड कागदावर नावं लिहून फलक मागच्या काचेला आतून, खालच्या कडेला टेकवा. मित्रमंडळींना काचेवर लिहायचंच असेल तर खडूचा मार्कर द्या, बुटाचं पॉलिश नको. आणि तो फेस उडवायचा स्प्रे लपवून ठेवा. उडवलाच कोणी, तर रंगावर वाळायच्या आत साध्या पाण्याने धुऊन टाका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दुसऱ्या दिवशी, कारण गाडी सजलेलीच राहते. कुस्करलेल्या ओल्या पाकळ्या रात्रभर रंगावर राहिल्या की त्यांच्या आकाराचे तपकिरी ठसे उमटतात. त्यामुळे रात्री कितीही उशीर झाला तरी एका जबाबदार माणसाने पाच मिनिटं देऊन गुच्छ, माळा सोडवाव्यात आणि पाण्याचा एक हबका मारावा. रिबीन ओढून काढू नका, आधी ग्रीलची गाठ कापा, मग बॉनेट उघडून बिजागरीच्या गाठी कापा. सकाळी कार शॅम्पूने धुवा, कपड्यांच्या पावडरीने नाही, ती वॅक्स खाते. वायपरखालची जाळी हाताने साफ करा. कोणी टेप मारलीच असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून अगदी सपाट कोनात, हळू ओढा. उरलेल्या डिंकावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, मऊ फडक्याने पुसा, मग शॅम्पू. थिनर वापरलं तर रंग जातो आणि प्लॅस्टिकचा बंपर धुरकट होतो. काचेवरचं लिखाण कोमट पाण्याने निघतं. मागच्या काचेवर आतून आडव्या तांबूस रेघा असतील तर तिथे ब्लेड चालवू नका. त्या काच गरम करायच्या तारा असतात, आणि एक तुटली की तो पट्टा कायमचा गार राहतो.